‘काई नाई, बरं हाये’ याला किती गुण?

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात तिशी ओलांडलेल्या माणसाकडे आशाताई कधी ना कधी सी-बॅक फॉर्म घेऊन येतात. वय विचारतात, तंबाखू-दारूचं विचारतात, टेप लावून कमरेचा घेर मोजतात, घरात बीपी-शुगर कुणाला आहे ते लिहून घेतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का, स्वयंपाक चुलीवर होतो की गॅसवर, हेही होतं. मग अगदी शेवटी दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस किंवा आनंद वाटत नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश किती वेळा वाटलं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. तोवर समोरच्या बाईचं अर्धं लक्ष शेतावर जायच्या वेळेकडे लागलेलं असतं, आणि कमरेचा घेर ज्या सुरात सांगितला त्याच सुरात मनाचंही उत्तर येतं.

हे दोन प्रश्न म्हणजे पीएचक्यू-9 नावाच्या नऊ प्रश्नांच्या यादीतले पहिले दोन. ही यादी 2001 साली अमेरिकेत स्पिट्झर, क्रोएन्के आणि विल्यम्स यांनी प्रसिद्ध केली. आज ती जगभर वापरतात, तिची मराठी आवृत्तीही आहे. नऊ प्रश्नांचे मिळून जास्तीत जास्त 27 गुण. रक्ताच्या रिपोर्टवर असतो तसा एक आकडा हाती येतो आणि गैरसमजांना तिथूनच सुरुवात होते.

गैरसमज : प्रश्न तेच असले की उत्तरही तेच येणार, कुणीही आणि कसंही विचारा

पीएचक्यू-9 तयार झाली ती पेशंटनं स्वतः वाचून, स्वतः खूण करण्यासाठी. दवाखान्यात बाकावर बसून, कागद मांडीवर घेऊन. आपल्याकडे खेड्यात ती बहुतेक वेळा कुणीतरी वाचून दाखवतं. त्यात गैर काही नाही. बेक यांची 1961 सालची नैराश्याची प्रश्नावली आज सगळे स्वतः भरायची म्हणून ओळखतात, पण मूळ अभ्यासात प्रशिक्षित माणूसच ती पेशंटला वाचून दाखवत असे. फक्त वाचून दाखवलं की उत्तरात आणखी एक माणूस सामील होतो, एवढं ध्यानात ठेवावं लागतं.

एक काल्पनिक, पण या भागात कुणालाही ओळखीचं वाटेल असं घर घेऊ. घाटाखालचं गाव, नांदुऱ्याकडचं म्हणा. ओसरीवर सासू तूर निवडत बसली आहे, दारात शेजारीण उभी आहे. आशाताई सुनेला विचारतात, ‘‘उदास वाटते का?’’ सून काही बोलायच्या आत सासू म्हणते, ‘‘तिले काय झालं? दोन टाइम जेवते, कामाले जाते.’’ सून हसते. ‘‘काई नाई ताई, बरं हाये.’’ फॉर्मवर शून्य पडतो. तीच सून विहिरीवर एकटी भेटली असती तर ‘‘करमत नाई, रडू येते’’ म्हणाली असती, असं नक्की सांगता येत नाही. पण सासूसमोर ती तसं म्हणणार नव्हती, हे मात्र सांगता येतं.

याच प्रसंगात दुसरीही एक गोष्ट निसटली. मूळ प्रश्न ‘किती वेळा’ असा आहे आणि उत्तरं चार : मुळीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज. घाईत विचारताना त्याचं ‘वाटते का?’ होतं आणि चार पायऱ्यांच्या दोनच उरतात, हो किंवा नाही. ‘काही दिवस’ म्हणणाऱ्या माणसाला एक गुण मिळायचा, तो कधी शून्यावर जातो, कधी तीनवर. चारही पर्याय तोंडी सांगितले तरी एक अडचण राहतेच. कागदावर वाचणाऱ्याचा कल वरच्या पर्यायाकडे असतो, तर कानांनी ऐकणाऱ्याला शेवटचा पर्याय लक्षात राहतो. सर्वेक्षणं करणाऱ्यांना हे चाळीसेक वर्षांपासून माहीत आहे. यावरचा उपाय फार साधा आहे. चारही पर्याय मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कार्ड समोर धरायचं, वाचता येत नसेल तर बोटं दाखवायची, आणि प्रत्येक प्रश्नाला पुन्हा दाखवायची.

गैरसमज : खरा फरक पडतो तो कागद की मोबाइल यानं

हा मुद्दा लवकर संपतो. कागदावर भरलेली आणि स्क्रीनवर भरलेली उत्तरं यांची तुलना करणारे 46 अभ्यास 2008 मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा दोन्ही जवळपास सारखीच निघाली. फोनवरून विचारलेली पीएचक्यू-9 आणि स्वतः भरलेली पीएचक्यू-9 यांच्यातही स्पेनमधल्या अभ्यासात मोठी तफावत दिसली नाही. म्हणजे टॅब आल्यानं काही बिघडत नाही. टॅबवर बोट कोण ठेवतो आणि ते कोण बघतो, यानं बिघडतं. अमेरिकेत 15 ते 19 वयाच्या मुलग्यांना नाजूक प्रश्न हेडफोनवर ऐकवून उत्तरं थेट संगणकावर द्यायला लावली, तेव्हा हिंसा, नशा यांच्या कबुल्या कागदी फॉर्मपेक्षा कितीतरी जास्त आल्या. हा अभ्यास ‘सायन्स’मध्ये 1998 साली आला. इथे प्रश्न नैराश्याचे नव्हते, पण ‘कुणाला कळणार नाही ना?’ ही धास्ती दोन्हीकडे एकच.

गैरसमज : गावातल्या, ओळखीच्या बाईला लोक सगळं मोकळेपणी सांगतात

सांगतात आणि लपवतातही. आशाताई गावच्याच सून असतात, बाळंतपणाला सोबत आलेल्या असतात. म्हणून विश्वास असतो, आणि गोष्ट गावभर होईल ही भीतीही त्याचमुळे असते. कर्ज कुणाकडून घेतलं, नवरा पिऊन मारतो, हे ज्या घराशी रोजचं जाणं-येणं आहे तिथल्या माणसाला सांगणं सोपं नाही.

तरीही माझं मत ओळखीच्या माणसाच्याच बाजूनं पडतं. त्याचं कारण विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. त्या गावांत नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम 4.3 टक्के लोक मदत घेत होते, नंतर हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. गावातलेच कार्यकर्ते प्रशिक्षण घेऊन घरोघर गेले, पुन्हा पुन्हा गेले. ‘प्रेरणा’ प्रकल्पही याच दिशेचा. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य सरकारनं तो 2015 साली विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत सुरू केला, त्यात बुलढाणा आहे. त्यातही आशाताईच घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेतात. ओळखीच्या माणसाकडून काम चांगलं होतं, पण पहिल्या भेटीत, चारचौघांत, एका दमात होत नाही. आधी विचारणाऱ्यानं ‘हे कुणाला सांगणार नाही’ असं म्हणायला हवं आणि नंतर खरंच सांगायला नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयता हा पेशंटचा हक्क मानला आहे, हे ओसरीवर विसरलं जातं.

गैरसमज : दहाच्या वर गुण म्हणजे डिप्रेशन

दहा हा आकडा सगळीकडे चालतो. पण तो चाळणीचा आकडा आहे. अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती 2020 मध्ये एकत्र केली, तेव्हा पीएचक्यू-9 वर दहा किंवा जास्त गुण 24.6 टक्के लोकांना होते. त्याच लोकांची सविस्तर मुलाखत घेतली तेव्हा नैराश्याचं निदान 12.1 टक्क्यांचंच झालं. म्हणजे निम्मंच.

आपल्याकडे यात शेतीचा हंगाम मिसळतो. झोप, थकवा आणि भूक यांचे तीन प्रश्न या नऊमध्येच आहेत. रब्बीत शेतीची वीज रात्री असेल तर हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री बांधावर उभा असतो. दोन आठवडे असे गेले की ‘झोप नीट लागत नाही, थकवा येतो’ याला सहा गुण सहज पडतात, मन ठणठणीत असलं तरी. उलट खरोखर खचलेला माणूसही ‘रात्रपाळीची लाइट आहे ना’ म्हणून सगळं झाकून टाकू शकतो. म्हणून विचारणाऱ्यानं एक जोडप्रश्न विचारलेला बरा : लाइट नसते त्या रात्री तरी झोप लागते का? अशी नोंद समासात असली तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला नुसत्या 11 किंवा 14 पेक्षा जास्त कळतं.

गुण उतरले म्हणजे औषध लागू पडलं, असंही लगेच धरू नये. एकच प्रश्नावली पुन्हा पुन्हा भरली की पहिल्या वेळचे गुण जास्त असतात आणि पुढे आपोआप कमी होतात. 2018 मध्ये हे नीट प्रयोग करून दाखवलं गेलं. तिथे कुठलाच उपचार दिलेला नव्हता.

गैरसमज : मरणाचं विचारलं तर डोक्यात तेच भरतं

नववा प्रश्न मरणाचा. मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार आले का? हाच प्रश्न सर्वांत जास्त वेळा गाळला जातो, किंवा ‘तसं तर काही नाही ना?’ असा विचारला जातो. अशा प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर विचारणाऱ्यानंच देऊन ठेवलेलं असतं. न्यू यॉर्क राज्यातल्या सहा शाळांत 2342 विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला, 2005 मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींना आत्महत्येचे प्रश्न विचारले, काहींना नाही. ज्यांना विचारले त्यांचा त्रास वाढला नाही, आणि आधीच खचलेल्या मुलांना तर थोडं हलकंच वाटलेलं दिसलं.

अडचण विचारण्याची नाही, ‘हो’ आल्यावर काय करायचं हे ठाऊक नसण्याची आहे. ‘हो’ म्हणणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. फवारणीच्या औषधाचे डबे त्याच दिवशी दुसऱ्याकडे, कुलपात ठेवायचे. घरातलं एक विश्वासाचं माणूस त्याच्याच संमतीनं सोबत घ्यायचं. टेली-मानसचा 14416 हा नंबर 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत, आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. तो नंबर फॉर्म भरतानाच, कागदावर लिहून, त्याच्या हातात द्यायचा. आणि पुढच्या चार दिवसांत पुन्हा जायचं, तेही सासू शेतात गेली असेल अशा वेळी.