दुर्बीण डोंगरावर का जाते?

जेसल पार्कसारख्या वस्तीत दुर्बिणींचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, "वेधशाळा डोंगरावरच का बांधतात? तारे जवळ दिसावेत म्हणून का?" आज तिथूनच सुरुवात करू या.

देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. आपण एक किलोमीटर वर चढलो तर त्या अंतरात काय फरक पडणार? काहीच नाही. मग डोंगर कशाला? तर आपल्याच दिव्यांपासून, धुळीपासून आणि दमट हवेपासून लांब जायला. हवेतली बहुतेक वाफ खालच्या थरांत असते. शिवाय हवा हलत राहिली की ताऱ्याचा प्रकाशही हलतो. त्यालाच आपण तारा लुकलुकतो असं म्हणतो. लहानपणी ते गोड वाटतं, पण संशोधकाच्या फोटोत तोच तारा पसरट ठिपका होऊन बसतो.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, पुणे-नाशिक महामार्गापासून आत, गिरावलीच्या डोंगरावर 'आयुका' या संस्थेची वेधशाळा आहे. उंची सुमारे १००० मीटर. २००६ साली तिचं उद्घाटन झालं. तिथल्या दुर्बिणीचा मुख्य आरसा २ मीटर व्यासाचा आहे.

आता २ मीटर म्हणजे किती? अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. हिशेब केला तर हा आरसा डोळ्याच्या सुमारे ८० हजार पट प्रकाश गोळा करतो. आणि गंमत बघा, संशोधनाच्या दुर्बिणीला कुणी डोळा लावून बसत नाही. आरशाने गोळा केलेला प्रकाश कॅमेऱ्यात किंवा वर्णपटमापकात जातो. वर्णपट म्हणजे इंद्रधनुष्यासारखी पसरलेली पट्टी. त्यातल्या रेषांवरून ताऱ्यात कोणती मूलद्रव्यं आहेत, तो आपल्याकडे येतोय की दूर जातोय, हे कळतं. आयुका विद्यापीठांसाठीच स्थापन झालेली संस्था. त्यामुळे देशभरातले प्राध्यापक आणि विद्यार्थी आपलं काम लिहून पाठवतात आणि दुर्बिणीवरच्या रात्री मागून घेतात.

पण या राज्यात अशी दुर्बीण गिरावलीलाच पहिल्यांदा आली, असं समजू नका. १८८८ च्या सुमारास पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण पाहायला नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. पुढे ते निवृत्त झाले, १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. इतकी मोठी दुर्बीण होती, पण ती एका माणसावर उभी होती. गिरावलीच्या आरशाचं क्षेत्रफळ त्या दुर्बिणीच्या सुमारे १५ पट आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळांना वाटतं, आकाश उजळलं तर उजळू दे, आणखी मोठी दुर्बीण आणू. इथेच गफलत होते. आरसा ताऱ्याचा प्रकाश गोळा करतो तसा आकाशातला उजेडही गोळा करतो. त्याला निवड करता येत नाही. अंधुक दीर्घिका पाहताना आकाश दुप्पट उजळ झालं, तर तेवढ्याच दर्जाच्या नोंदीसाठी जवळपास दुप्पट वेळ लागतो. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर, निम्मा आरसा झाकून ठेवल्यासारखंच झालं. म्हणजे २ मीटरची दुर्बीण १.४ मीटरच्या दुर्बिणीइतकंच काम करते. आरसा तोच, खर्च तोच, माणसंही तीच. बरं, वेळ वाढवावा तर रात्र काही लांबवता येत नाही. त्यात आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने निरीक्षण बंदच असतं.

म्हणूनच मोठ्या दुर्बिणी हिमालयाकडे गेल्या. लडाखमधल्या हानले इथे सुमारे ४५०० मीटर उंचीवरही २ मीटरचाच आरसा आहे, पण हवा कोरडी आणि आकाश काळंभोर. ती दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. २०२२ साली तिथला परिसर 'गडद आकाश राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. गावकऱ्यांनी दिव्यांना झाकणं लावली, खिडक्यांना जाड पडदे लावले. आणि आता तिथलीच मंडळी पाहुण्यांना तारे दाखवतात.

आपल्या जेसल पार्कच्या चौपाटीवर उभं राहिलं तर थंडीत मृग नक्षत्र दिसतं, आकाशगंगा मात्र दिसत नाही. खाडीवरची दमट हवा आणि वर जाणारा उजेड, दोन्ही आड येतात. हवा आपल्या हातात नाही, उजेड आहे. इथला दिवा विझवून गिरावलीचं आकाश काळं होणार नाही. तिथे पुणे-नाशिक रस्त्यावर वाढणाऱ्या वस्तीचा उजेड जास्त जवळचा. पण नियम दोन्हीकडे एकच आहे. दिव्याला वरून झाकण असावं, उजेड जमिनीवरच पडावा. रंग पिवळसर असावा, कारण निळसर पांढरा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. आणि गरज नसेल तेव्हा दिवा बंद. रस्ता अंधारात ठेवा, असं आम्ही म्हणत नाही. रस्त्यासाठी लावलेला उजेड रस्त्यावरच पडू दे, एवढंच म्हणतो. सोसायटीत पुढच्या वेळी दिवे बदलायचे ठरतील तेव्हा हा मुद्दा सभेत जरूर मांडा. त्याने वीजबिलही थोडं उतरेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.