जुन्या विलायती गाडीची हौस आणि घरचा हिशेब

आपल्या समाजाला गाडी ही नुसती चैनीची वस्तू कधीच नव्हती. १९२९ साली सरकारी समितीच्या कामासाठी बाबासाहेब खानदेशात आले होते. चाळीसगाव स्टेशनवरून त्यांना वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा तेवढा मिळाला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच माणसाने लगाम हाती घेतला. पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. हे ज्याला ठाऊक आहे, तो आज नवापूरच्या बौद्ध तरुणाने ऐटबाज गाडीचे स्टिअरिंग हाती धरावे या इच्छेला नाक मुरडणार नाही. आम्हीही मुरडत नाही. मात्र हौस करायची तर डोळे उघडे ठेवून करावी, एवढेच आमचे सांगणे.

जुनी इंग्रजी स्पोर्ट कार म्हटले की दोन नावे हमखास निघतात. एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर. दोन्ही १९६२ साली निघाल्या, दोन्ही १९८० साली बंद पडल्या. बुटकी बांधणी, दोन माणसांची जागा, वर कापडी टप. या गाड्या श्रीमंतांसाठी नव्हत्या. साध्या घरगुती मोटारींचेच इंजिन आणि भाग वापरून त्या स्वस्तात बनवल्या जात. आपल्याकडे मात्र त्या मोजक्याच आल्या. त्यांचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात. शिवाय आयात गाडीची पंधरा वर्षांनंतर नोंदणी नवी करायची फी २०२२ पासून ४०,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील आयात गाडीसाठी ती दुप्पट केली गेली. आपल्यासारख्या कामकरी कुटुंबाने तिकडे पाहूच नये. रस्त्यावर आज दिसणाऱ्या नव्या एमजी गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. नाव तेच, पण ती जुनी गाडी नव्हे.

मग आपल्याला परवडेल असे काय? स्पिटफायर ज्या गाडीच्या सांगाड्यावरून बेतली, ती ट्रायम्फ हेरॉल्ड १९६१ पासून मद्रासमध्ये तयार होत होती. तिचे नाव स्टँडर्ड हेरॉल्ड. इंजिन अवघे ९४८ सीसीचे. पुढचे अख्खे बॉनेट मडगार्डांसह पुढे उघडते, त्यामुळे मेकॅनिक टायरवर बसून काम करू शकतो. पुढे १९७२ साली तिचीच सुधारित गॅझेल आली आणि १९७७ साली तीही थांबली. म्हणजे विलायती जातीची, पण देशी बनावटीची गाडी. आयात गाडीची फी हिला लागत नाही.

गाडी पाहायला जाताना आपला ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा आणि या गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, गंज. नवापूरचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. रंगाची चमक पाहू नये. खाली वाकून चासी पाहावी, ठोकून पाहावी. पत्र्याला लोहचुंबक लावावा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरली आहे असे समजावे. इंजिन दुरुस्त होते, सडलेली चासी खिसा रिकामा करते.

दुसरी, पुढच्या चाकाचा खालचा सांधा. याला गिअरचे पातळ तेल द्यावे लागते. पुष्कळजण ग्रीस भरतात. सांधा कोरडा पडला तर तो तुटतो आणि चाक जागीच आडवे होते.

तिसरी, मागची चाके. हेरॉल्डची मागची चाके वेगात वळताना आत दुमडतात. कोंडाईबारी घाटात वळणावर एकदम ब्रेक मारणाऱ्याने ही गाडी घेऊ नये. गॅझेलला मागे सरळ अ‍ॅक्सल आहे, ती अधिक भरवशाची. घाटासाठी रेडिएटरही साफ हवा.

चौथी, पेट्रोलच्या रबरी नळ्या. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुने रबर खाते. गाडी घेतल्याबरोबर नळ्या बदलाव्यात, नाहीतर आगीची भीती.

आता कागदपत्रे. आपले स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. त्यामुळे गाडी व्यारा-सुरतेकडची मिळण्याचा संभव बराच. अशा गाडीसाठी तिथल्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, आधी हाती घ्यावी. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. इकडचा कर वेगळा भरावा लागतो. इंजिन व चासीचे नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावेत. देशी मोटारीची वीस वर्षांनंतरची नूतनीकरण फीही २०२५ पासून १०,००० रुपये आहे, ती हिशेबात धरावी. पन्नास वर्षांवरील मूळ स्थितीतल्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते. तिची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पण मग ती रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालवता येत नाही.

हेही झेपत नसेल तर जुनी बुलेट आहेच. तीही मूळची इंग्लंडची. १९५५ पासून मद्रासमध्ये बनू लागली. तिचे भाग आणि जाणते मेकॅनिक मिळायला फारसा त्रास पडत नाही. हौसही भागते आणि पोराला शाळेतही सोडता येते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. हौसेची गाडी येते ती पहिल्याच भागातून. तिच्यासाठी मुलीच्या कॉलेजची फी थांबली, आईचे डोळ्यांचे ऑपरेशन लांबले, सोसायटीचे कर्ज काढावे लागले, तर ती गाडी आपल्या दारात शोभणार नाही. जेवढ्याला गाडी घ्याल तेवढीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला असेल, तरच बोलणी करावीत. आणि घेण्यापूर्वी घरातल्या बाईमाणसांना विचारावे. महिन्याचा खरा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.

बाबासाहेबांना ज्या खानदेशात टांगेवाला मिळाला नाही, तिथे आपला मुलगा स्वतःच्या पैशाची गाडी चालवतो, याचा आनंद मोठा आहे. तो कर्जात बुडवू नका.

जयभीम!