खजिनदाराचे चर्च : इस्तंबूलमधील खोरा

इस्तंबूलच्या वायव्येला, एदिर्नेकापी वेशीजवळ, जुन्या बायझंटाइन तटबंदीच्या आत खोरा चर्च उभे आहे. तुर्की लोक त्याला कारिये म्हणतात. विटा आणि दगडांची ही इमारत बाहेरून साधी, हागिया सोफियापुढे अगदीच लहान. पण चौदाव्या शतकातील बायझंटाइन चित्रकला एका जागी पाहायची असेल, तर या छपराखाली यावे लागते.

अकराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट आलेक्सिओस कोम्नेनोस याची सासू मारिया दुकैना हिने हे चर्च बांधून घेतले. बाराव्या शतकात सम्राटाचा मुलगा इसाक याने त्याचे बरेचसे पुनर्बांधकाम केले. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील पाश्चात्त्य फौजांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, लुटले. १२६१ मध्ये बायझंटाइनांना ही राजधानी परत मिळाली, पण राज्याची ताकद परतली नाही. आशिया मायनरमधील मुलूख एकेक करून तुर्कांच्या हाती जात होता. अशा पडत्या काळात, साधारण १३१५ ते १३२१ या वर्षांत, थिओदोर मेटोखितीस याने चर्चचा जीर्णोद्धार केला.

हा माणूस कवी, तत्त्वचिंतक आणि खगोलशास्त्राचा अभ्यासक होता. सम्राट दुसरा आन्द्रोनिकोस याचा तो उजवा हात होता आणि राज्याचा खजिना त्याच्या ताब्यात होता. आतल्या ओसरीतून मुख्य प्रार्थनागृहात शिरणाऱ्या दारावर त्याचे मोझेक आहे. डोक्यावर भलेमोठे फुगीर शिरोभूषण, अंगावर भरजरी झगा, आणि गुडघे टेकून तो येशूला चर्चची प्रतिकृती अर्पण करतो आहे. नम्रता आणि ऐट एकाच चित्रात इतकी उघडपणे क्वचितच दिसते.

प्रार्थनागृहापुढे एकामागे एक अशा दोन ओसऱ्या आहेत. तिथल्या घुमटांवर, कमानींवर आणि भिंतींवर मरीयेचे आणि येशूचे चरित्र उलगडते. काच आणि दगडांचे बारीक तुकडे, सोनेरी तुकड्यांत काचेच्या आड बसवलेला सोन्याचा वर्ख. मरीयेच्या बालपणाच्या गोष्टी बायबलात नाहीत. याकोबाच्या नावाने चालत आलेल्या एका प्राचीन ग्रंथातून त्या घेतल्या आहेत. चिमुकली मरीया आईच्या दिशेने पहिली सात पावले टाकते. दुसऱ्या चित्रात आईवडील तिला मध्ये घेऊन कुरवाळतात.

बाहेरच्या ओसरीत मात्र सरकार समोर येते. रोमन सुभेदार क्विरीनिय आसनावर बसला आहे, लेखनिकाने लांबलचक गुंडाळी उलगडली आहे, शेजारी शिपाई आहे आणि पुढ्यात गरोदर मरीया उभी आहे. कर आकारण्यासाठी चाललेली ही नोंदणी. असा प्रसंग बायझंटाइन कलेत विरळा. तो इथे एवढ्या ठळकपणे यावा, याचा संबंध कला-इतिहासकारांनी मेटोखितीसच्या पदाशी जोडला आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. चर्चचा जीर्णोद्धार करणारा करवसुलीचा प्रमुख असला, तरी या चित्रात आपला जीव गुंततो तो करासाठी उभ्या केलेल्या बाईत. पुढे राजा हेरोदाच्या हुकमाने मारल्या जाणाऱ्या बालकांच्या आयांचा आक्रोश आहे. चित्रकारांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत, पण त्यांचा जीव कुणासाठी तुटत होता हे भिंतींवर दिसते.

चर्चच्या दक्षिण अंगाला लागून बांधलेल्या दालनात थडग्यांसाठी कोनाडे आहेत. इथे मोझेक नाहीत, भित्तिचित्रे आहेत. छतावर अंतिम न्यायाचा दिवस : सूर्य, चंद्र आणि तारे असलेले आकाश एक देवदूत गुंडाळून नेतो आहे. टोकाच्या अर्धघुमटात शुभ्र वस्त्रांतील येशू दोन्ही पाय रोवून आदाम आणि हव्वेला मनगटे धरून थडग्यांतून ओढून काढतो. त्याच्या पायाखाली बांधलेला सैतान आहे आणि भोवती फुटलेली कुलपे, किल्ल्या विखुरल्या आहेत. ओढण्यातला जोर अगदी खरा वाटतो. इटलीत पादुआला चित्रकार जोत्तोने आपली भित्तिचित्रे पूर्ण केली, त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतले हे काम. माणसाच्या देहातले वजन आणि भावना पूर्वेकडेही त्याच सुमारास रंगवल्या जात होत्या.

१३२८ मध्ये आन्द्रोनिकोसला त्याच्याच नातवाने पदच्युत केले. मेटोखितीसचा वाडा लुटला गेला, तो हद्दपार झाला. १३३० मध्ये परतल्यावर तो आपणच जीर्णोद्धार केलेल्या या चर्चच्या मठात राहिला आणि १३३२ मध्ये तिथेच वारला.

१४५३ मध्ये शहर ऑटोमनांच्या हाती गेले. पुढे सुलतान दुसरा बायझीद याच्या काळात वजीर अतिक अली पाशाने चर्चची मशीद केली आणि कालांतराने चित्रे चुन्याआड गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास थॉमस व्हिटमोर आणि पॉल अंडरवूड यांच्या पुढाकाराने त्यांवरचा चुना काळजीपूर्वक काढण्यात आला. १९५८ मध्ये ही इमारत संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. २०२० मध्ये तिची पुन्हा मशीद करण्याचा हुकूम निघाला आणि २०२४ च्या मे महिन्यात ती मशीद म्हणून उघडली.

राज्य उतरणीला लागले की कलाही उतरते, हे इतिहासाचे सोपे समीकरण खोरा खोटे ठरवते. खजिना आटत असताना, सत्तेच्या पैशातून जन्मलेल्या या कलेने सामान्य माणसाची माया आणि दुःख सत्तेपेक्षा मोठे करून दाखवले. म्हणूनच ही चित्रे कोणा एका धर्माची वा राष्ट्राची ठेव नाहीत. तिथे प्रार्थना कोणतीही होवो, भिंती जपल्या जाव्यात आणि त्यांवरची चित्रे पाहण्याची वाट सर्वांसाठी मोकळी राहावी.