शाळेचा फळा की कंपनीची पाटी?

इंग्रजी ही आपण शिकायची भाषा आणि शिकवायची ती साहेबाने, अशी आमच्या पिढीची ठाम समजूत होती. तर्खडकरांच्या पाठमालेतली वाक्ये घोकत आम्ही या भाषेशी झुंज घेतली. त्यामुळे मराठी घरातली एखादी मुलगी परदेशी जाऊन तिथल्या लोकांना इंग्रजी शिकवते आणि त्याचा पगार घेते, हे ऐकले की मला अजूनही गंमत वाटते. पुण्याला जपानी भाषेचा नाद जुना आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकून कितीतरी जण दुभाषे झाले, भाषांतरकार झाले. आता जपानमध्ये इंग्रजी शिकवण्याची वाटही काहींना खुणावते. मातृभाषा इंग्रजी नसली, तरी बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा पुरावा असेल, तर तिथल्या शाळेत शिकवण्याचा परवाना मिळू शकतो.

या वाटेला पुढे दोन फाटे फुटतात. एक शाळेकडे जातो, दुसरा कंपनीकडे. शाळेचा रस्ता जपान सरकारने १९८७ साली 'जेट' नावाच्या योजनेने रुंद केला. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ तरुण आले. जपानी शिक्षकाच्या जोडीने वर्गात उभे राहायचे, उच्चार करून दाखवायचे, मुलांना बोलते करायचे, हे त्यांतल्या बहुतेकांचे काम. करार वर्षाचा, वाढवत नेला तर जास्तीत जास्त पाच वर्षांचा. २०२० पासून तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळांनाही असे साहाय्यक लागतात. दुसरा फाटा 'एइकाइवा'चा, म्हणजे इंग्रजी संभाषणाच्या खाजगी वर्गांचा. हे वर्ग बहुधा रेल्वे स्टेशनाजवळ असतात. विद्यार्थी म्हणजे कचेरीतून थकून आलेले बाबू, गृहिणी, शाळकरी पोरे. काम दुपारी सुरू होते, रात्री नऊला संपते, आणि शनिवार-रविवारी गर्दी अधिक.

माझ्या भाचीच्या हाती गेल्या वर्षी दोन्हीकडची पत्रे एकदमच पडली. ती माझ्याकडे आली तेव्हा ताईने निकाल आधीच देऊन टाकला होता. "शाळा ती शाळा. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. कंपनीचं काय, आज आहे, उद्या नाही!" भाची म्हणाली, "मामा, तू बँकेतला माणूस. तूच सांग." मी सांगितले काहीच नाही. दोन्ही करार वाचायला मागितले.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कर्जाचे असंख्य अर्ज वाचले. कारखान्याची इमारत किती देखणी आहे याला आमच्याकडे फारसे महत्त्व नसे. पैसा कोठून येतो आणि कागदावर सही कोणाची आहे, हे दोन प्रश्न आधी. परदेशातल्या नोकरीलाही तेच लागू पडतात.

पैशाचे आधी पाहू. ताईचे कंपनीबद्दलचे भय अगदीच निराधार नव्हते. 'नोव्हा' ही जपानमधली संभाषणवर्गांची सर्वांत मोठी साखळी. तिच्या जाहिरातीतला गुलाबी ससा घराघरांत ठाऊक होता. ही कंपनी तासांची तिकिटे आगाऊ विकायची, तीही शेकड्यांनी. जितकी जास्त घ्याल तितका दर कमी. बँकवाल्याच्या नजरेने पाहिले तर ही ठेवच झाली. फरक इतकाच, की बँकेला ठेवीच्या काही भागाला हात लावता येत नाही, आणि इथे तसे बंधन नव्हते. आजच्या विद्यार्थ्याच्या पैशांतून उद्याची शाखा उघडायची, त्या शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पैशांतून आजचे पगार भागवायचे. एप्रिल २००७ मध्ये शिल्लक तासांच्या परताव्यावरून सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल दिला. जूनमध्ये सरकारने दीर्घ मुदतीचे नवे करार करण्यास सहा महिने मनाई केली. आगाऊ पैशांचा ओघ आटला आणि ऑक्टोबरात कंपनी कोसळली. सुमारे चार हजार परदेशी शिक्षक पगाराविना राहिले. काहींच्या पगारातून घरभाडे कापले गेले होते, पण ते घरमालकापर्यंत पोचलेच नव्हते. शिक्षकांच्या संघटनेने शेवटी 'शिकवणीच्या बदल्यात जेवण' अशी मोहीम काढली. विद्यार्थ्यांनी आपल्या गुरूंना जेवू घातले. पुढे २००९ मध्ये कंपनीचा संस्थापक कर्मचाऱ्यांच्या निधीच्या अपहारात दोषी ठरला.

एवढे वाचून कोणीही म्हणेल, मग शाळाच बरी. शाळेमागे नगरपालिकेची तिजोरी असते, ती बुडत नाही. खरे आहे. पण इथे दुसरा प्रश्न आडवा येतो. सही कोणाची?

भाचीचे 'शाळेचे' पत्र मी दोनदा वाचले. शाळेचे नाव त्यात होते, गावाचे होते, पण नोकरी देणारी होती एक कंपनीच. जपानमधली अनेक शिक्षण मंडळे स्वतः साहाय्यक नेमत नाहीत. ती कंत्राट देतात, आणि कंत्राटदार कंपनी माणूस पुरवते. आपल्याकडे सफाईचे किंवा पहाऱ्याचे काम असे दिले जाते, तिथे वर्गातला शिक्षकही दिला जातो. यात एक विचित्र पेच आहे. काही कंत्राटांच्या प्रकारात शाळेतल्या जपानी शिक्षकाने या साहाय्यकाला थेट सूचना देणे कायद्यात बसत नाही. सूचना कंपनीमार्फत यायला हवी. एकाच फळ्यासमोर उभी दोन माणसे, आणि 'पुढचा धडा घ्या' म्हणायला तिसरा माणूस! त्या पत्रात ऑगस्टच्या सुट्टीत पगार निम्मा होता आणि आठवड्याचे काम साडेएकोणतीस तासांचे. हा अर्धा तास कोठे गेला, असे भाचीने विचारले. तीस तास हा सामाजिक विम्याचा उंबरठा मानला जाई. त्याच्या अलीकडे माणूस ठेवला की मालकाचा वाटा वाचतो, ही तिथली जुनी युक्ती. व्याज मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असा अर्धा तास लगेच दिसतो.

दुसरे पत्र शहरातल्या संभाषणवर्गाचे. पगार जवळपास तेवढाच, पण बारा महिने सारखा. विमा स्पष्ट लिहिलेला. विद्यार्थ्यांकडून फी महिन्याच्या महिन्याला घेतात, हे तिने तिथे काम करणाऱ्या एकीकडून काढून घेतले. म्हणजे ठेवींचा डोंगर नाही.

राहिला तिसरा प्रश्न, आणि तो बँकेच्या वहीत नसतो. पाच वर्षांनी आपण कोण झालेले असू? जपानच्या कामगार करार कायद्यात २०१३ पासून अशी तरतूद लागू आहे, की एकाच मालकाकडे मुदतीचे करार पाच वर्षांपलीकडे गेले, तर कामगाराला बिनमुदत कराराची मागणी करता येते. पण स्थानिक सरकारच्या नोकरांना तो कायदा लागू नाही. म्हणजे ज्या सरकारी शाळेच्या भरवशावर ताई निर्धास्त होती, तिथेच हा आधार नाही. शिवाय तिथला अध्यापनाचा परवाना नसेल, तर साहाय्यक हा साहाय्यकच राहतो. उलट शाळेत जे मिळते ते संभाषणवर्गात मिळत नाही. मुलांबरोबर दुपारचे जेवण, त्यांच्यासोबत वर्ग झाडणे, क्रीडादिन, पदवीदान समारंभातले रडणे. वर्गात चाळीस मिनिटांनी माणूस बदलतो. शाळेत मूल आपल्यासमोर वाढते.

"मला शिक्षिका व्हायचंय का, तेच मला अजून माहीत नाही," भाची म्हणाली. "जपानी मात्र पक्की करायचीय." तिने शहरातला वर्ग निवडला. सकाळ मोकळी मिळते, त्या वेळात ती जपानी शिकते. ताई अजून रुसलेली आहे. भाचीच्या बरोबरीची एक मुलगी मात्र डोंगराकडच्या गावी शाळेतच गेली. तिचा करार थेट नगरपालिकेशी होता, आणि तिला मुलेच हवी होती. दोघींचे निर्णय उलट आहेत आणि मला दोन्ही बरोबर वाटतात.

आपल्या घरांत असे पत्र आले की पगाराच्या आकड्याला रुपयांनी गुणून पेढे आणायची घाई होते. पेढे जरूर आणावेत. त्याआधी करार पुरा वाचावा, पत्र शाळेचे असले तरी मालक कोण ते शोधावे, सुट्टीचा पगार आणि विमा लेखी मागावा. शाळेचा परवाना आणि कंपनीचा परवाना तिथे वेगवेगळा असतो. नोकरी बदलताना तोही बदलावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. आणि परतीच्या तिकिटाचे पैसे व तीन महिन्यांचा खर्च मुलीच्या स्वतःच्या खात्यात असू द्यावा. २००७ च्या त्या ऑक्टोबरात ज्यांच्याकडे तेवढे होते त्यांना शांतपणे दुसरी नोकरी शोधता आली असेल. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांना विद्यार्थ्याच्या घरी जेवायला जावे लागले.