बेबिंका: घाई करणाऱ्यांचं हे काम नाही

गोव्याहून येताना काजू आणणारे खूप. मी बेबिंका आणते, थरांची गोवन मिठाई. नारळाचं दाट दूध, अंड्यांचे पिवळे बलक, साखर, मैदा, तूप आणि किंचित जायफळ. साहित्य एवढंच, पण बनवताना माणसाचा अंत पाहते!

एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, तो खरपूस तांबूस झाला की तूप सोडून पुढचा थर. घाईने ओतलात तर थर एकमेकांत मिसळले म्हणून समजा. परंपरेने थर सात किंवा सोळा. म्हणजे अर्धा दिवस चुलीपाशीच. जुन्या घरांत मातीच्या भांड्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत.

बिबियाना नावाच्या जोगिणीने जुन्या गोव्यातल्या मठात ती पहिल्यांदा केली, अशी दंतकथा आहे. पोर्तुगालच्या मठांत अंड्यांचा पांढरा भाग कपड्यांना खळ द्यायला वापरत आणि उरलेल्या बलकांची मिठाई होई, असं सांगतात. बलकांची ती आवड आणि आपला नारळ यांचं लग्न म्हणजे बेबिंका, असं मला वाटतं.

मकावमध्येही याच नावाचं दुधाचं पुडिंग आहे. २०२४ मध्ये शांघायला धडकलेल्या वादळाचं नाव 'बेबिंका' होतं, तेही मकावनेच सुचवलेलं. इतक्या गोड पदार्थाचं नाव वादळाला!

२०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं.

खाताना किंचित कोमट करा. थंडगार तुकड्यात तूप थिजतं आणि निम्मी मजा जाते. नाताळात कुणी घरची दिली, तर दुसरा तुकडा मागायला लाजू नका.