ग्रामप्रतिमा

ग्रामप्रतिमा : गाव, वाडी, पेठ किंवा वस्ती यांतील रहिवाशांच्या मनात आपल्या समूहाविषयी रूढ झालेले आणि कथा, विधी, चिन्हे, साहित्य, चित्रपट इत्यादींतून घडलेले रूप. समूहात कोणाची गणना होते, त्याच्या वतीने कोण बोलतो आणि कोणाचा निर्णय सर्वांचा मानला जातो, हे कायद्याने ठरते, त्याचप्रमाणे या रूपानेही ठरते. महाराष्ट्रात, विशेषतः पुणे प्रदेशात, या विषयाच्या अभ्यासास मराठेशाहीतील कागदपत्रांपासून बिबवेवाडीसारख्या शहरात सामावलेल्या गावांपर्यंत भरपूर साधने उपलब्ध आहेत.

महजर व निशाण्या : मराठेशाहीत वतन, शीव, मानपान इत्यादींविषयीचे तंटे गोतसभेपुढे चालत. निवाड्याच्या कागदास महजर म्हणत. त्यावर उपस्थितांची साक्ष नोंदली जाई व अक्षर न येणारे आपापल्या व्यवसायाची निशाणी करीत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी अशी ही चिन्हे होती. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. अशा प्रकारे महजराच्या तळाशी गावाचे एक चित्रच उमटे. मात्र या चित्रातही श्रेणी होती. मानाचा क्रम ठरलेला असे, आणि ज्याच्या साक्षीवाचून शीव ठरत नसे, त्याची वस्ती गावकुसाबाहेर असे. स्त्रियांना या सभेत सामान्यतः स्थान नव्हते.

दैवतकथा व कौल : ग्रामदैवत हे गावाच्या एकत्वाचे सर्वांत ठळक प्रतीक होय. पालखीचा मार्ग, जत्रेतील मानकरी व नैवेद्याचा क्रम यांतून गावाची सीमा आणि सामाजिक रचना दरवर्षी सर्वांसमोर मांडली जाते. कोकणात देवाचा कौल घेऊन सामूहिक निर्णय करण्याची प्रथा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरे येथे रामेश्वराच्या कौलाने गावपळण ठरते व सर्व रहिवासी गुराढोरांसह काही दिवस वेशीबाहेर राहतात. येथे निर्णय देवाचा मानला जात असल्याने त्यास व्यक्तिगत विरोध उरत नाही. हे या पद्धतीचे बळ आहे, तशीच ती तिची मर्यादाही आहे. कारण देवाच्या नावाने झालेल्या निर्णयाची चिकित्सा करणे अवघड जाते.

तीच दैवते वेगळ्या कथेत आणून वेगळा समाज कल्पिता येतो, हे जोतीराव फुले यांनी दाखविले. गुलामगिरी (१८७३) या ग्रंथात त्यांनी बळीराजाच्या राज्याची मांडणी केली आणि खंडोबा, म्हसोबा इ. लोकदैवतांचा अर्थ त्या राज्याचे अधिकारी असा लावला. पूजेचा विषय असलेले दैवत येथे न्याय व महसूल पाहणारा कारभारी बनले. त्याच वर्षी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या परंपरेत पुढे जलशांतून हा विचार खेड्यापाड्यांत पोहोचला.

स्वयंपूर्ण खेड्याची प्रतिमा : पेशवाईच्या अस्तानंतर माउंट स्टूअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या अहवालात दख्खनमधील ग्रामसंस्था म्हणजे राज्याचीच लहान आवृत्ती असल्याचे मत नोंदविले. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ यांनी उत्तर हिंदुस्थानातील गावांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. या वर्णनांतून स्वयंपूर्ण, एकजीव व अपरिवर्तनीय खेड्याची प्रतिमा तयार झाली. त्याच काळात टॉमस कोट्स यांनी पुण्याजवळील लोणी गावाची पाहणी केली. ती १८२३ मध्ये प्रसिद्ध झाली. गावाची जमीन, घरे, अवजारे, आहार व कर्जे यांच्या या तपशीलवार नोंदींतून संकटांनी आणि देण्याने वाकलेल्या कुटुंबांचे गाव दिसते. गो. स. घुर्ये यांनी याच लोणीकंदची पुन्हा पाहणी करून १९६० मध्ये तिचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्रिं. ना. आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथातही वतनदारी व बलुतेदारी यांतील गुंतागुंत आणि दोष यांचे निरीक्षण आढळते.

स्वातंत्र्यानंतर या प्रतिमेचा प्रश्न थेट राज्यघटनेपर्यंत गेला. महात्मा गांधींच्या विचारात ग्राम हा स्वराज्याचा पाया होता. याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांच्या हितरक्षणाचा प्रश्न उपस्थित केला, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवचित्रावर कठोर टीका केली. संविधानात अखेर व्यक्ती हा मूळ घटक राहिला व ग्रामपंचायतींचा समावेश अनुच्छेद ४० अन्वये मार्गदर्शक तत्त्वांत झाला. १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनात्मक स्थान दिले आणि अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या. जुन्या चित्रात ज्यांना जागा नव्हती, त्यांना ती अशा रीतीने कायद्याने द्यावी लागली.

साहित्य व चित्रपट : व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडी (१९५५) या कादंबरीत धनगरांची वाडी एकत्र येऊन तालीम बांधते आणि पुढे दुष्काळात पांगते. समूहाची एकी ही कायमची वस्तू नसून ती पाऊसपाण्यावर व उपजीविकेवर अवलंबून असते, याचे भान ही कादंबरी देते. अण्णा भाऊ साठे यांच्या फकिरा (१९५९) मध्ये गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी जोगणी आणण्यासाठी मांग समाजातील राणोजी प्राण देतो. गावाची प्रतिष्ठा येथे गावकुसाबाहेरच्या माणसाच्या बलिदानावर उभी राहते. दया पवार यांच्या बलुतं (१९७८) या आत्मकथनाने तेच गाव महारवाड्यातून दाखविले. विजय तेंडुलकर यांची पटकथा व जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन असलेल्या सामना (१९७४) या चित्रपटात सहकारातून साधलेल्या समृद्धीच्या चित्रामागे एका नाहीशा झालेल्या माणसाचा प्रश्न उभा केला आहे.

नागरी भागातील रूप : गाव शहरात सामावले, तरी ग्रामप्रतिमा नाहीशी होत नाही, तिच्या जोडीला इतर प्रतिमा येतात. पुण्याच्या दक्षिण भागातील बिबवेवाडी हे याचे बोलके उदाहरण होय. स्वारगेट-कात्रज मार्गाच्या पूर्वेस, गुलटेकडीच्या मार्केट यार्डापासून कोंढव्याकडे पसरलेल्या या परिसरात जुन्या वाडीचे नाव, गृहरचना संस्थांच्या वसाहती आणि टेकडीच्या बाजूची अप्पर व लोअर इंदिरानगरची दाट वस्ती एकत्र आली आहे. ‘वाडी’ या नावात जमीन व कुळ यांची आठवण आहे. नुसत्या ‘अप्पर’ या बोलीतील नावात बसचा शेवटचा थांबा व टेकडीची चढण आहे. ‘प्रभाग’ या शब्दात मतदारयादी आहे. प्रत्येक नावागणिक ‘आपण’ या शब्दाची व्याप्ती बदलते आणि तिच्याबरोबर पाणी, रस्ता, शाळा यांविषयीच्या मागण्यांचा अग्रक्रमही बदलतो.

गणेशोत्सव मंडळांचे देखावे हे अशा भागांतील सामूहिक चित्रनिर्मितीचे प्रमुख साधन आहे. वर्गणी, विषयाची निवड, मिरवणूक यांतून तरुणांना सार्वजनिक कामाचे पहिले शिक्षण मिळते व त्यांतून स्थानिक नेतृत्वही घडते. विकास योजनेचा नकाशा ही दुसरी प्रभावी प्रतिमा होय. त्यात जमिनीचा वापर रंगांनी दाखविला जातो. त्या जमिनीवर राहणाऱ्यांचे परस्परसंबंध त्यात दिसत नाहीत. म्हणून नकाशावरील हरकतींच्या सुनावणीत अनेकदा दोन चित्रांचा सामना होतो : एक आरक्षणाचे, दुसरे रहिवाशांच्या आठवणीतील वस्तीचे.

पुणे महानगरपालिकेने २००६ साली नागरिकांच्या सूचनांना अंदाजपत्रकात स्थान देण्याचा उपक्रम सुरू केला. क्षेत्रीय कार्यालयांत स्वीकारल्या जाणाऱ्या या सूचना पदपथ, दिवे, बाक अशा मर्यादित खर्चाच्या स्थानिक कामांविषयी असतात. येथे निशाणीच्या जागी अर्ज आला. परंतु महजरासाठी जमणारी सभा मात्र आपोआप आली नाही. मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणुकीअभावी महानगरपालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे होता. अशा काळात वस्तीच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अधिक तीव्र झाला.

समूहाची कथा नसेल, तर सामूहिक निर्णयास आवश्यक असलेली आपुलकी निर्माण होत नाही. आणि ती एकच व अपरिवर्तनीय मानली, तर तिच्यात न मावणारे लोक निर्णयातूनही वगळले जातात. त्यामुळे कोणत्याही वस्तीच्या ग्रामप्रतिमेची कसोटी तिच्या प्राचीनतेत नसून, काल आलेल्या रहिवाशास तिच्यात आपली निशाणी करता येते किंवा नाही, यात आहे.