जळालेल्या वायूचा हिशेब

सीबीडी बेलापूरहून आता लोकल थेट उरणला जाते. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात मुंबई हायचा नैसर्गिक वायू समुद्राखालील नळांतून येतो. 1976 पासून तेथे तेल निघत आहे. तेलाबरोबर वायूही वर येतो. तो वाहून नेण्याची सोय नसेल तर जागेवरच पेटवून देतात. ज्या वायूपासून खत व वीज होते, घरची चूल पेटते, तो विकाऊ माल असा आगीत जातो.

किती वायू जळाला, हे पूर्वी मुख्यतः कंपन्यांच्या नोंदींवरूनच कळे. 2011 साली अमेरिकेने सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरील उपकरण रात्री ज्वालांचे अवरक्त किरण टिपते. वायूची ज्वाला वणव्याहून कितीतरी अधिक तप्त असते, म्हणून ती वेगळी ओळखता येते. तिच्या उष्णतेवरून जळालेल्या वायूचे प्रमाण काढतात. ढग आड आले तर नोंद हुकते. म्हणून हा आकडा अंदाजच असतो.

जागतिक बँकेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगभरात 148 अब्ज घनमीटर वायू असा जळाला. आपला देश तर परदेशातून वायू विकत घेतो. व्यापारी जाणतातच, दुसऱ्या वहीशी ताळा जुळल्याखेरीज तूट सापडत नाही.